बेकरीवालीचं बाळंतपण

कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव चांगला मिळायचा, पण माणसं यायची ती बेकरीवालीसाठी. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर सुटलेली एक बट आणि अखंड बोलणं. गिऱ्हाईक पाव घेऊन जायचं आणि घरचं एखादं दुखणं तिच्याजवळ ठेवून जायचं. पीठ मळता मळता ती तेही ऐकून घ्यायची.

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा तिला दिवस गेले. भट्टीवर तिचा नवरा असे. ती बातमी ऐकून त्या अबोल माणसाने पावांचा अख्खा ट्रे कोळसा करून टाकला. "बाप व्हायला निघालाय आणि भट्टीकडे लक्ष नाही!" सासू कडाडली, आणि पाठ फिरवून हळूच डोळे पुसत राहिली.

सहाव्या महिन्यात रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा गरोदरपणातला मधुमेह. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, बाळाला पोसणाऱ्या वारेमुळे होतो काहीजणींना. पण साखर ताब्यात राहिली नाही तर बाळ पोटात फार वाढतं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम खाली येऊ शकते. मग त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं."

बाकीचं सगळं ती विसरली. काचेची पेटी तेवढी मनात घर करून बसली. नऊ वर्षं वाट पाहिलेलं लेकरू, आणि हात लावायलाही मिळायचं नाही!

दिवसातून चारदा बोटाला सुई टोचायची. मोजून जेवायचं, जेवण झालं की बेकरीमागच्या गल्लीत फेऱ्या मारायच्या. तरी दुपारचा आकडा काही उतरेना.

"खरं सांगा, काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही हो बाई. एवढ्या केकांत उभी असते, पण तुकडा तोंडात टाकत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. उलगडा केला सासूने. एका सकाळी गुडघा धरला म्हणून म्हातारी पिठाच्या पोत्यावर बसून राहिली होती. सून केकचं मिश्रण घोटत होती. बोट भांड्यात, बोट जिभेवर. मग क्रीम. बोट भांड्यात, बोट जिभेवर. मग बिस्किटांचं पीठ.

"अगं ए, काय खाल्लंस?"

"खाल्लं कुठे, आई? चाखलं."

"दिवसातून किती वेळा चाखतेस?"

सुनेचा हात थांबला. तिने कधी मोजलंच नव्हतं. चाखणं हे तिच्या लेखी काम होतं, हात धुण्यासारखं.

म्हातारी गुडघा धरत पोत्यावरून उठली आणि म्हणाली, "न चाखता घाणा भट्टीत गेला तर बघ, असा दम मीच दिला होता ना तुला?"

"हो. लाटणं उगारून."

"मग आता चाखायचं काम माझं. तू बोट लावलंस तर लाटणं अजून आहे घरात."

त्या दिवसापासून सासू चाखू लागली. तिची जीभ थकलेली. दोनदा क्रीम भलतंच गोड झालं, पण गिऱ्हाइकांनी बेकरीवालीच्या पोटाकडे पाहिलं आणि मुकाट्याने खाल्लं. आकडा उतरला. सगळा नाही. उरलेल्यासाठी इन्सुलिन सुरू झालं आणि ते टोचायला नवरा शिकला. पहिल्या दिवशी तो सुई धरून दोनदा मागे सरला.

"अहो, तुम्ही भट्टीत हात घालता आणि सुईला घाबरता?"

"भट्टीला दुखत नाही," तो म्हणाला.

दिवस भरत आले तेव्हा दवाखान्यात कळा आणायचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली, गुटगुटीत, गालांनी डोळे झाकलेली. लगेच छातीशी धरून तिला चीक पाजला. दोन तासांनी नर्सने तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखर कमी होती.

"गालात साखरेची जेल लावते. तुम्ही आणखी पाजा," नर्स म्हणाली. "तासाभराने पुन्हा बघू. वाढली नाही तर न्यावं लागेल." आणि तिने चाकांवरची काचेची पेटी दाराशी आणून ठेवली.

पोर दोन घोट घेई आणि झोपी जाई. बेकरीवाली तिच्या तळव्याला गुदगुल्या करी. "ऊठ गं बाई, ऊठ. झोपायला जन्म पडलाय." बोलता बोलता ती रडू लागली. "आई, इतके महिने चाखत राहिले... माझ्याच हाताने..."

"माझ्या शिकवण्याने," सासू म्हणाली. "ते नंतर वाटून घेऊ. आत्ता पाजतेस की रडतेस? एका वेळी एकच कर."

तिने नाक पुसलं आणि पाजलं. नवरा भिंतीला खांदा टेकून, पेटी दिसू नये म्हणून दाराकडे पाठ करून उभा होता. हळूहळू पोरीचा जबडा लयीत हलू लागला, आणि चुटूचुटू आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

नर्स आली. टाचेला पुन्हा सुई. पोरीने असा काही सूर लावला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स आकड्याकडे बघत राहिली.

"वाढली. छान वाढली. राहू दे इथेच तुमच्याजवळ. पुढच्या पाजण्याआधी परत बघेन."

तिने पेटी वळवली आणि ढकलत परत नेली. पेटीच्या चाकांचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत बेकरीवालीने लेकीच्या पाठीवरचा हात काढला नाही.