दाजींची रेघ

गुरुवार, दुपारचे तीन. एल्व्हिओ मारांगोनी यांना जाऊन दोन दिवस झालेत, आणि ते माझ्या गादीच्या पायथ्याशी बसून बुटाची नाडी बांधतायत.

मी पूर्ण झोपलेलो नाही. पंख्याचा आवाज ऐकू येतोय. खाली बोळात कुणीतरी स्कूटरला किका मारतंय, ती चालू होत नाहीये. रात्रपाळीवाल्याची दुपारची झोप अशीच असते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. उशाशी फोन आहे. सहा वाजेपर्यंत मला पेपरला दाजींवरचा अर्ध्या पानाचा मजकूर द्यायचाय. त्यातला एक परिच्छेद अजून मोकळा आहे.

दाजी म्हणजे हेच मारांगोनी. इटलीत सतरा वर्षं व्यावसायिक गोलकीपर होते, त्यातली बहुतेक तिसऱ्या श्रेणीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथल्या हॉस्पिटलात कोल्हापूरच्या सुनंदा इंगवले नर्स होत्या. लग्न झालं, खेळ संपला, आणि दोघं ताईंच्या माहेरी, आडाच्या तालमीच्या मागच्या बोळात राहायला आली. ताई पेठेची मुलगी, म्हणून नवरा अख्ख्या पेठेचा दाजी. तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर पुढची पंचवीस वर्षं त्यांनी घडवले. मराठीही तालमीतच शिकले, त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि बाकीची भाषा नंतर. 'ळ' मात्र त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

"काय पेपर," दाजी मान वर न करता मला नेहमीची हाक मारतात, "मिसळ हाणून झोपलास व्हय?"

'ळ' स्वच्छ येतो. मला कळतं, मी झोपलोय.

"दाजी, मला मजकूर द्यायचाय."

"मग दे की. मी काय धरून ठेवलंय तुला?"

"एक गोष्ट विचारायची राहिलीय."

"चालता चालता विचार. मॅच सुरू व्हायलीय."

मी त्यांच्या मागून जिना उतरतो. जिना आमच्या घरचा आहे, पण खाली पोचतो तेव्हा ऑफिस लागतं. सगळ्या स्क्रीनवर दाजींचं एकच पान उघडं आहे. फोटोखालची जागा पांढरी आहे. माझ्या खुर्चीत तालमीचे सेक्रेटरी हिंदुराव भोगम बसलेत. हातातला फोन ते माझ्या नाकापुढं धरतात.

"हे वाच. मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

काल हे खरोखर घडलंय, फक्त ऑफिसात नाही, तालमीच्या कट्ट्यावर. भोगमांच्या भाच्यानं इटलीतल्या कुठल्याशा संकेतस्थळावरची मृत्युवार्ता फोनवर मराठीत करून घेतली. त्यात सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका मॅचची हकिकत आहे. ही मॅच जिंकली असती तर दाजींचा संघ वरच्या श्रेणीत जाणार होता. दुसऱ्या हाफमध्ये डाव्या खांबाजवळून एक साधा फटका आत गेला. गोलकीपर खांबापासून लांब उभा होता. गाव म्हणालं, यानं मुद्दाम जागा सोडली, मॅच विकली. काही सिद्ध झालं नाही, पण त्यानंतर एकाही क्लबनं त्यांना बोलावलं नाही.

तालमीच्या स्पर्धेत उत्कृष्ट गोलकीपरला मिळणाऱ्या करंडकाला दाजींचं नाव द्यायचं असं बुधवारी सकाळपर्यंत सगळ्यांच्या मनात होतं. संध्याकाळपर्यंत पेठ दुभंगली. आज सातला मीटिंग आहे. माझा मजकूर छापण्याआधी तिथं वाचला जाणार आहे.

"मॅच सोडणाऱ्याचं नाव करंडकाला?" स्वप्नातले भोगम काल म्हणाले होते तेच म्हणतात. "उद्या पोरानं करंडक हातात घेऊन विचारलं, हे कोण, तर काय सांगायचं?"

"हिंदुराव," दाजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, "तुझ्या धाकट्या भावाला मी डाइव्ह मारायला शिकवली. तू तर बॉल बघून डोळं मिटायचास."

भोगम लाजतात. त्यांची मिशी काळी होते. पुढच्या क्षणी ते शाळकरी चड्डीत उभे असतात आणि खुर्ची नसते, ऑफिस नसतं. आपल्या मैदानाच्या पायऱ्या असतात. स्टँड गच्च भरलेला आहे. सगळे शिट्ट्या मारतायत, पण पंचांची शिट्टी अजून वाजलेली नाही. कुणी खाली बसत नाही. मलाही बसता येत नाही. जिथं टेकायला जातो तिथं कुणाचे तरी पाय असतात.

"दाजी, अंगण सारवून झालं का?" समोरच्या बाजूनं आरोळी येते आणि हशा पिकतो.

ही आरोळी कोल्हापुरात सगळ्यांच्या ओळखीची आहे. गोलकीपरला बॉलकडं बघत असताना मागं वळून आपला गोल बघता येत नाही. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी तो दोन्ही खांबांच्या बरोबर मधून, बुटाच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढतो. खाली नजर टाकली की मध्य कळतो. एवढं सगळेच करतात. दाजींचं वेगळं होतं. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या की ते स्वतः मैदानात शिरायचे आणि समोरच्या संघाच्या गोलकीपरनं ओढलेली रेघ आपल्या गोलातल्या पोराकडून पुसून घ्यायचे. नुसती विस्कटून चालायची नाही. माती दाबून सपाट व्हायला हवी. मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पावलं टाकायला लावून नवी रेघ. पंच ओरडायचे, प्रेक्षक हसायचे. एकदा त्यासाठी दाजींना मैदानाबाहेर काढलं होतं. ती बातमी मीच दिली होती. रेघ का पुसायची, ते कधी कुणाला सांगितलं नाही त्यांनी.

आताही ते पुसतायत. आमच्या मैदानातला तांबूस मातीचा गोल आहे, पण जाळीमागं समुद्र आहे. करडा आणि अस्वस्थ समुद्र, सारखा आत येऊ बघणारा. पाऊस बारीक आहे. दाजींच्या अंगावर पिवळी पडलेली जुनी जर्सी आहे, आणि केस काळे आहेत.

"दाजी, दुसऱ्याची रेघ तुम्ही का पुसून घ्यायचा?"

"हे विचारायचं राहिलं होतं?"

"नाही. विचारायचं होतं ते त्या गोलाबद्दल."

"मग तेच विचारलंस की."

ते एका खांबाला हात लावतात आणि दुसऱ्याकडं निघतात. दुसरा खांब लांब सरकतो. ते भरभर चालतात, तो अजून सरकतो. मी मागून धावतोय. माझ्या खिशात फोन थरथरतोय. संपादक असणार.

"पेपर, अंबाबाईच्या देवळातनं दुसऱ्याच्या चपला घालून कधी बाहेर आलायस काय?"

"आलोय."

"केव्हा कळलं?"

"घरी पोचल्यावर."

"मला गोल झाल्यावर कळलं."

ते थांबतात. शिट्ट्या थांबत नाहीत.

"असाच पाऊस होता," दाजी म्हणतात. "हाफटाइमला आत कोच बोंबलत होता. सोडीचना. बाहेर आलो तवर पंचानं शिट्टी तोंडात धरलेली. पळत गोलात गेलो. बघितलं तर रेघ होती. चांगली खोल. आदेल्मोची. समोरचा गोलकीपर, पहिल्या हाफला त्याच गोलात उभा होता. मी म्हटलं, असू दे. गोलकीपरनं ओढलीय म्हणजे बरोबरच असणार."

"आणि नव्हती."

"एक पाऊल उजवीकडं होती."

"त्यानं मुद्दाम ओढली?"

"तुमचं पेपरवाल्यांचं हे एक." ते हसतात, पण पायानं पुसणं चालूच आहे. "त्याचा डावा गुडघा गेलेला. उजवीकडं झेप घेता यायची न्हाई, म्हणून आधीच उजवीकडं सरकून उभा राहायचा. डाव्या हाताला लांबचा फटका आला तर त्याचा हात पोचायचा. ताडासारखा होता तो. त्याची रेघ त्याला बरोबर होती. मी उभा राहिलो हे चुकलं."

"मग सांगितलं का नाही तुम्ही? तेव्हाच?"

"कुणाला?"

"पेपरला. क्लबला. कुणालाही."

"काय सांगू? सतरा वर्षं खेळलेला माणूस मी. मधोमध कुठं हाय ते बघितलं न्हाई, दुसऱ्याच्या रेघेवर उभा राहिलो, असं सांगू? शाळेतलं पोरगं करत न्हाई ते." ते खांबाला पाठ टेकतात. खांब ओला आहे, पाणी त्यांच्या मानेवरून आत जातंय. "चोर म्हटलं त्यांनी. म्हणू दे म्हटलं. चोराला लोक घाबरतात तरी. येड्याला हसतात."

"ताईंना तरी सांगायचं."

आता ते माझ्याकडं बघत नाहीत. समुद्र पहिल्या पायरीपर्यंत आलाय आणि पायरीवर सुनंदाताई बसल्यात, पाठमोऱ्या, मांडीवर त्यांची हॉस्पिटलची पर्स.

काल त्या मला म्हणाल्या होत्या, "पंचवीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, माझाही विश्वास नाही. तुम्हाला काही सापडलं तर मला आधी सांगा. पेपरात वाचायला लावू नका."

"तिला सांगायला तोंड उघडायचो," दाजी हळू म्हणतात, "आणि वाटायचं, ही म्हणेल, एवढंच? एवढ्यासाठी देश सोडलास?"

"त्या तसं म्हणाल्या नसत्या."

"तुला काय ठाऊक? तुझं लग्न तरी झालंय काय?"

"दाजी, हे मी छापू?"

ते मोठ्यानं हसतात. त्यांचा समोरचा पडका दात दिसतो, जो जिवंतपणी त्यांनी बसवून घेतला होता.

"छाप. सूत्रांनी सांगितलं म्हणून लिही. सूत्र कोण? मेलेला माणूस, भर दुपारी, गादीवर. संपादक चपलेनं हाणंल तुला."

शिट्टी वाजते. दाजी बाजूला होतात आणि गोलात मी आहे. हातमोजे नाहीत. समोर बॉल ठेवलेला आहे आणि बॉलमागं शाळकरी हिंदुराव, डोळे मिटून. माझ्या पायाखाली एक रेघ आहे.

"मध्य कुठाय?" दाजी ओरडतात. आता ते स्टँडमध्ये आहेत की समुद्रात, कळत नाही.

"रेघ आहे इथं!"

"कुणाची?"

मला सांगता येत नाही.

"पूस मग!"

मी टाच घासतो. रेघ जात नाही. मी जोर लावतो, ती आणखी खोल जाते. हिंदुराव धावत निघालाय. मागं वळून खांब बघायची हिंमत होत नाही. मी घासत राहतो.

"पुसायलाईस का ओढायलाईस, मर्दा?"

फोन.

चार वाजून पन्नास मिनिटं. संपादकांचा मिस्ड कॉल. पंखा बंद आहे, वीज गेलीय. पाठ घामानं ओली. बोळातली स्कूटर नाही.

उजवी टाच झोंबतेय. माझी गादी भिंतीला लागून, जमिनीवर असते. पायथ्याच्या भिंतीचा चुना वीतभर खरवडला गेलाय, खालून वर, एका सरळ रेघेत. चादरीवर पापुद्रे पडलेत. टाच पांढरी झालीय आणि कडेला थोडं रक्त आहे. रेघ पुसताना उमटली की ओढताना, हे बघून सांगता येत नाही.

मी तोंड धुतो. स्वप्न हा पुरावा नाही. झोपेत माणूस स्वतःशीच बोलतो, आणि मला दाजींबद्दल जे माहीत होतं त्याचीच ही जुळवाजुळव असू शकते. पण दाजी दर हाफटाइमला दुसऱ्याची रेघ पुसून घ्यायचे, हे हजारो लोकांनी पाहिलंय. ते खरं आहे. आणि खऱ्या गोष्टीवरून प्रश्न विचारता येतो.

सुनंदाताईंना फोन लावतो. स्वप्नाचं सांगत नाही.

"ताई, त्या मॅचमधल्या समोरच्या गोलकीपरचं नाव आदेल्मो होतं का?"

मागं भांड्यांचा आवाज येतो, मग दार लोटल्याचा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुठंतरी वाचलं असेल." हे खरंही असू शकेल. काल रात्रभर मी तेच चाळत होतो.

"काल इटलीहून एकच फोन आला," ताई म्हणतात. "आदेल्मोंचाच. पासष्टी ओलांडलीय. नुसते रडत होते. मला वाटलं, वयामुळं."

"काही म्हणाले?"

"माफी मागत होते. लोक मागतात ना, यायला जमलं नाही म्हणून. मी म्हटलं, इतक्या लांबून कसं येणार तुम्ही."

मग मी त्यांना रेघेबद्दल सांगतो. फक्त शक्यता म्हणून, आणि शक्यता हा शब्द दोनदा वापरून. त्या शेवटपर्यंत ऐकून घेतात.

"एवढंच?" त्या म्हणतात. आवाज कसा आहे ते मला ओळखता येत नाही.

"खात्री नाही, ताई."

"तुम्हाला तिकडची भाषा येत नाही. मी विचारते. तुम्ही लाइनवर थांबा."

पाच वाजून एकतीस मिनिटांनी त्या फोन जोडतात. पहिल्यांदा कुणी उचलत नाही. दुसऱ्यांदा उचलला जातो. थकलेला, जाड आवाज. ताई आपलं नाव सांगतात. ख्यालीखुशाली होत असावी. मग त्यांचा आवाज बदलतो, सावकाश होतो, पेशंटशी बोलताना होत असेल तसा. वाक्यात मला दोनच गोष्टी कळतात, एल्व्हिओ हे नाव, आणि शेवटी तो प्रश्न आहे हे.

पलीकडून नुसता श्वास ऐकू येतोय. लांब कुठंतरी टीव्ही चालू आहे.

सहाला चोवीस मिनिटं कमी आहेत. परिच्छेद मोकळा आहे. फोन कुणीही ठेवलेला नाही.