औरादची हरणं आणि अक्कांची लेन्स

फोटो चांगला आला की भिंतीवर लागतो, बिघडला की त्याचा किस्सा होतो. आमची भिंत बरेच दिवस रिकामी होती, तेव्हा किस्से किती साठले असतील बघा!

आम्ही तिघं. कन्नड मुलखातल्या औरादच्या शाळेत मराठी शिकवणारा मी, सायन्सच्या सुशीलाअक्का आणि जनावरांचे डॉक्टर बिरादार. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर काळवीट बघायला जायचो. पहिला कॅमेरा डॉक्टरांचा, लेन्स न बदलणारा. पहिला फोटो त्यांनी हौसेनं आईला दाखवला. म्हातारीनं तो डोळ्याजवळ नेला आणि बोटानं झटकायला लागली. "माशी बसलीय रं!"

ती माशी म्हणजे आमचं काळवीट!

*

मग अक्कांनी फळ्यावर गणित मांडलं. "हरीण शंभर मीटरवर, उंची एक मीटर धरा. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सनं फिल्मवर अर्धा मिलिमीटर उतरतंय. चारशेची लावली तर चार!"

डॉक्टर म्हणाले, "आपुनच जवळ गेलो तर?"

"जावा की. शेपूट दिसंल!"

*

हैदराबादच्या दुकानात अक्कांनी चारशेची लेन्स मागितली. दुकानदार हसला. "मॅडम, शादी के फोटू को ये नक्को."

"हिरन की शादी है, भाईसाब!"

त्यानं गुमान कपाट उघडलं. लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि पन्नास, एकशे पस्तीस, चारशे अशा तीन लेन्स घेऊन आलो. बसमध्ये चारशेची डॉक्टरांच्या मांडीवर, तान्ह्या बाळासारखी!

*

माळावर ती लांब नळी बघून एक शेतकरी काठी घेऊन धावत आला. "कामून आलाव? शिकार करायलाव व्हय?"

"बंदूक न्हाई अप्पा, कॅमेरा हाय. डोळा लावून बघा," डॉक्टर म्हणाले.

त्यानं डोळा लावला आणि ओरडला, "आरं, शेजाऱ्याचा बैल माझ्या जवारीत!"

काठी घेऊन तसाच तिकडं पळाला. त्या दिवसापासून आम्हाला त्याच्या शेतात बसायची परवानगी!

*

आणि हा शेवटचा. तो माळ दगडाच्या खाणीला द्यायचं घाटत होतं. खाण नको म्हणून आम्ही तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. तिथले मोठे साहेब म्हणाले, "या तालुक्यात काळवीटच नाहीत." आमचे चारशेच्या लेन्सनं काढलेले झकास फोटो बघून म्हणाले, "हे कुठलेही असतील!"

अक्कांनी फोटो गोळा करून पिशवीत टाकले.

रविवारी माळाजवळच्या डांबरी रस्त्याकडेला दबा धरून बसलो. कळप रस्त्याकडं यायला लागला. पुढं काळाभोर नर, पिळाची शिंगं! डॉक्टर कुजबुजले, "अक्का, चारशेची! चारशेची!"

अक्कांनी चारशेची काढली आणि एकशे पस्तीसची लावली.

"आवं काय करायलाव? हरीण बारकं दिसंल की!"

"दिसू द्या."

नर रस्त्यावरून उडाला. खट्! एकच फोटो. डॉक्टर आठवडाभर अक्कांवर फुगून बसले. मलाही वाईटच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू!

पुढच्या बैठकीत अक्कांनी तो फोटो मोठा करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी हवेतलं काळवीट बघितलं. मग त्याच्या पायाखाली बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. रस्त्याकडेच्या दगडावर कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं.

अक्का म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा की साहेब, सगळ्यांना ऐकू द्या."

साहेबांनी वाचलं, "औराद, सहा किलोमीटर."