एक जूनवाल्यांना हात लावू नका

आमच्या मामेसासऱ्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. रजिस्टरात असलेली आणि रजिस्टरात नसलेली. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, नाशिकच्या एका शिक्षण संस्थेचे हेडक्लार्क. संस्थेच्या शाळा वणीला, पिंपळगावला, विंचूरला आणि पार सुरगाण्याकडच्या डोंगरात एक आश्रमशाळा. मूल शाळेत आलं की ज्यात त्याचं नाव चढतं ते जनरल रजिस्टर प्रत्येक शाळेत असायचंच, पण मामांचा कुणावर विश्वास नसल्यामुळे त्या सगळ्या रजिस्टरांची दुसरी प्रत ते दरवर्षी स्वतःच्या हातानं लिहीत आणि आपल्या कपाटात ठेवत. रजिस्टर उघडण्याआधी हात धुवायचे, पुसायचे, मग वाऱ्यावर वाळवायचे. पान उलटायला जिभेला बोट लावणाऱ्या माणसाला मामा आयुष्यभर माफ करत नसत. शाईच्या दोन बाटल्या, निळी नावासाठी आणि लाल दाखल्यासाठी, आणि त्यांच्यामध्ये कायम एक फूटपट्टी आडवी. भांडू नयेत म्हणून असेल.

माणसांची नावं त्यांना आठवत, पण आधी नंबर आठवत. एका लग्नात पंगतीत एक गलेलठ्ठ बँक मॅनेजर बसले होते. मामा वाढता वाढता थबकले आणि ओरडले, "वणी चारशे बारा! अरे, लाडू घे की!" साहेब ताडकन उभे राहिले आणि हातातल्या घासासकट वाकून नमस्कार करते झाले. मामी मात्र दुसऱ्या संस्थेत शिकलेल्या. "तीस वर्षं संसार केला, पण मला अजून नंबर नाही," असं त्या हसत सांगायच्या, आणि त्या हसण्यात थोडं दुखणं असायचं.

अशा माणसाच्या ऑफिसात नव्वदचं दशक संपता संपता मी शिरलो. पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो, नोकरी नव्हती आणि मामांनी सेक्रेटरीसाहेबांकडे शब्द टाकला होता. म्हणजे मला चिकटवलं त्यांनीच. ज्या फांदीवर बसायचं ती कापण्याची माझी हौस लहानपणापासूनची आहे, त्यामुळे पहिल्याच महिन्यात मी अख्ख्या संस्थेचा आराखडा काढायला घेतला. चाळीस कागद सेलोटेपनं जोडले. प्रवेश, परीक्षा, वसतिगृह, ग्रंथालय अशा चौकटी आणि एकीतून दुसरीत जाणारे बाण. सगळ्या शाळांची माहिती एकाच ठिकाणी, एकदाच लिहिलेली, बटण दाबलं की हजर. तो कागद सेक्रेटरीसाहेबांच्या केबिनच्या एका भिंतीवर मावला नाही, म्हणून कोपऱ्यात वळवून दुसऱ्या भिंतीवर नेला. साहेबांना फार आवडला. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं, आणि मला कळलं होतं असं मला वाटत होतं.

मामा चष्मा कपाळावर सरकवून तासभर त्या कागदासमोर उभे होते. मग विचारलं, "जावईबापू, ह्यात माझं टेबल कुठंय?"

मी दाखवलं. त्यांच्या टेबलाची चौकट मी तुटक रेषांनी काढली होती. आमच्या भाषेत तुटक रेष म्हणजे हे पुढे राहणार नाही.

"सगळ्या चौकटी सरळ रेषेच्या आणि माझीच अशी का?"

"तुटक म्हणजे विशेष महत्त्वाची, मामा."

त्या संध्याकाळी मामींनी फोनवर माझ्या बायकोला सांगितलं म्हणे, की मोठ्या नकाशात ह्यांची एकट्याची चौकट वेगळी काढलीय. बायकोनं कौतुकानं मला गोड शिरा केला. मी दोनदा घेतला.

मग रजिस्टरातली नावं कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं. मामा रोज चपला बाहेर काढून आमच्या खोलीत यायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "एक जूनवाल्यांना हात लावू नका." मला वाटलं, लाल शाई, धुतलेले हात, त्यातलंच हे एक सोवळं असणार. विचारायचं सुचलं नाही. मी कॉम्प्युटर शिकलेला होतो, मी कशाला विचारू?

टंकताना काही नावं दोनदा पडली होती, म्हणून मी एक झक्कास प्रोग्रॅम लिहिला. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख, चारही सारखी असली तर ते एकच मूल समजायचं आणि एक नोंद काढून टाकायची. रजिस्टर नंबर मध्ये येत होते. प्रत्येक शाळेचे वेगळे, गोंधळाचे, म्हणून मी ते सगळेच रद्द करून नवे दिले. प्रोग्रॅम एका दुपारी चालला आणि ढीगभर दुबार नोंदी निघाल्या. सभेत टाळ्या पडल्या, पेढे आले. शेवटच्या प्रिंटआउटवर तपासणाऱ्याची सही लागत होती. मामा म्हणाले, "रजिस्टराशी ताडून बघतो. महिना द्या."

"मामा, कॉम्प्युटरनं तपासलंय. तुम्ही फक्त सही करा."

त्यांनी प्रिंटआउट पुढे ओढला. "एक जूनवाल्यांना हात लावला नाहीत ना?"

"नाही हो."

त्यांनी टोपण काढलं आणि सही केली. त्यांच्या आयुष्यातली न ताडता केलेली ती पहिली सही.

त्या वर्षी दहावीचे फॉर्म शाळांनी हातानं न भरता माझ्या यादीवरून भरले. परीक्षेला चार दिवस उरले असताना सुरगाण्याकडून एसटीनं एक बाप आणि त्याची मुलगी आली. मुलीचं नाव हिरा. तिचं हॉलतिकीट आलंच नव्हतं.

"साहेब, पोर समोर उभी हाय," बाप मला म्हणाला. "मंग कागदात नाय म्हंजी कसं?"

मी यादी काढली आणि विजयानं बोट ठेवलं. "हे काय, आहे की!"

"ती दुसरी हिरा, तिचं तिकीट आलंय," मुलगी म्हणाली. "आम्ही दोघी हाय ना सर. एका बाकावर बसतो."

नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. आणि जन्मतारीख एक जून. डोंगरात मूल कधी जन्मलं ते कुणी लिहून ठेवत नसे, आणि शाळेत घालताना तारीख तर लागे. मग मास्तर सरळ एक जून लिहायचे. त्या आश्रमशाळेतली निम्मी पोरं एक जूनला जन्मली होती. मामांचं सोवळं ते हे होतं. मुलगी रडली नाही. नुसती विचारत होती, "बसू देतील ना?"

सेक्रेटरीसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "यादी तपासली कुणी?"

मी म्हणालो, "सर, तपासणीची सही हेडक्लार्कची आहे."

वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. धडपणे खोटं बोलायलाही थोडा धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता. मामांनी प्रिंटआउट हातात घेतला, सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सही माझीच आहे." मला पुढे बरंच काही बोलायचं होतं. मी खिडकीबाहेरच्या सायकली बघत राहिलो. निवृत्तीला सात महिने उरलेल्या माणसाला लेखी ठपका मिळाला.

केबिनबाहेर येऊन मामांनी मुलीकडे पाहिलं. "सुरगाणा तीनशे आठ. घाबरू नकोस. तू आहेस." मग कधी कचेरीबाहेर न गेलेलं ते रजिस्टर त्यांनी धुतलेल्या पंच्यात बांधलं आणि माझ्या स्कूटरवर मागे, लेकराला धरावं तसं मांडीवर धरून बसले. बाप-लेक रिक्षानं. बोर्डाच्या कचेरीत ते दोन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. प्रत्येक ठिकाणी रजिस्टर उघडून तीनशे सात आणि तीनशे आठ दाखवायचे. दोन पाडे, दोन आया, दोन अंगठे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलतिकीट हातात पडलं. हिरानं ते वाचलं, उलटं करून मागून वाचलं आणि दप्तरात घातलं.

परतताना मी म्हणालो, "मामा, उद्या साहेबांना सगळं सांगतो."

मागून आवाज आला, "तुम्ही सांगाल, मग सभा बोलावतील. मग इतिवृत्त लिहावं लागेल. ते कोण लिहिणार? मीच. नको. पुढे खड्डा आहे, बघून चालवा."

मी सांगितलं नाही. आज्ञाधारकपणा माझ्या अंगी नको तिथं येतो. निरोप समारंभात मीच त्यांच्यावर भाषण केलं आणि लोकांना रडवलं. घरात मात्र ती गोष्ट विनोद होऊन बसली. कुठलंही कार्य असो, कुणीतरी म्हणायचंच, "मामा, ती पोरगी कशी हो हरवलीत?" मामा सगळ्यांबरोबर हसायचे. मीही हसायचो, कधी कधी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

मामा गेले. वर्षश्राद्धाच्या पंगतीत पुन्हा तोच विषय निघाला आणि पुन्हा सगळे हसले. मी हातातला वडा खाली ठेवला. मी ताट पुढे सरकवून म्हणालो, "ती चूक मामांची नव्हती. माझी होती. मी त्यांना फसवून सही घेतली."

 मग थोरल्या मेव्हण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, गेलेल्या माणसाचा दोष अंगावर घेतोय. याला म्हणतात मन!" सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरून वाढत येणारी माझी बायको माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नजर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. मी पुन्हा तोंड उघडलं, तर तिनं त्यात कौतुकानं खिरीचा चमचा घातला. खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याच्यासाठी बाहेर पारावर वाढलेलं पान अजून तसंच होतं, कावळा शिवायचा होता. मी खीर गिळली आणि दाराकडे बघत बसलो.