सुतळीच्या दोन गाठी

दुपारचे अडीच वाजलेत आणि उज्ज्वला खराडे कधी नव्हे ती आडवी झाली आहे. विट्याला भावाच्या घरी, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर. जेवण अंगावर आलंय, पंखा गरगरतोय, आणि आत तिची भाची ऋतुजा बॅग भरताना चेनशी झटापट करते आहे. चारच्या एसटीनं पोरगी पुण्याला निघणार, राज्य स्पर्धेला, शंभर मीटर धावायला. निघण्याआधी आत्यानं तिच्या हातात सुतळी द्यायची, एवढंच काय ते आजचं काम. उज्ज्वला कोल्हापूरहून त्यासाठीच आली आहे, आणि सुतळी मुठीत धरूनच तिचे डोळे मिटायला लागलेत.

ही सुतळी म्हणजे खराड्यांच्या घरातला देवच म्हणा ना. आजोबा जत्रांमधल्या शर्यती मारायचे, शालन आत्या लांब उडीत जिल्ह्यात पहिली, आण्णा म्हणजे उज्ज्वलाचे वडील पोलिसांच्या संघातून शंभर आणि दोनशे मीटर धावले, आणि भाऊ संपत अडथळ्यांच्या शर्यतीत गुडघे फोडून घेत मोठा झाला. या घरात कुणाची बस चुकली तर तो आठवडाभर तोंड लपवून हिंडतो. आजोबांच्या काळी सुटायला लोखंडी ब्लॉक नव्हते. धावणारे खुरप्यानं मातीत दोन खळगे करायचे आणि त्यात पाय रोवून सुटायचे. ते खळगे रेषेपासून किती मागे हवेत हे मोजायला ही सुतळी. पहिली गाठ पुढच्या पायाची, दुसरी मागच्या पायाची. ब्लॉक आले तरी माप सुतळीचंच राहिलं. तेलानं आणि घामानं आता त्या गाठी दगडासारख्या झाल्यात. मध्येच दोन ठिकाणी सुतळी उगाच मुरडलेली आहे. कधीतरी उंदरांनी चाळवली असेल, असं उज्ज्वला धरून चालली आहे.

चेनचा आवाज लांब जातो. पायाशी दिवाण जरा दबतो आणि निलगिरीच्या तेलाचा वास येतो.

“दुपारच्याला झोपलीस व्हय गं उजे?”

आण्णा आहेत. आठ वर्षांपूर्वी ते गेले, हे उज्ज्वलाला पक्कं ठाऊक आहे. तरी तिला नवल वाटत नाही. उलट झोपताना सापडले म्हणून ती ओशाळते.

“जरा पाठ टेकली, आण्णा. बासुंदी होती जेवायला.”

“किती वाट्या?”

“दोन.”

“म्हंजे तीन,” म्हणत ते हसतात आणि तिचा पाय मांडीवर घेतात. सकाळच्या सरावानंतर चोळायचे तसाच अंगठ्यानं टाचेपासून वर चोळतात. मग थांबतात, वीत लावून बघतात. “केवढासा पाय गं तुझा. शालनच्या वळणावर गेलाय.”

“मग काय आजच बघताय?”

“नीट आजच बघतोय,” आण्णा म्हणतात, आणि दिवाणाखालच्या फरशीवर लाल मुरूम पसरलेला असतो.

गावाबाहेरचं मैदान. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं अजून बाभळीच्या फांदीला लटकतंय. आण्णा खाकी हाफपँट आणि बनियनवर उकिडवे बसून खुरप्यानं खळगा करताहेत. उज्ज्वला चौदा वर्षांची आहे, पण नेसलीय मात्र आजचीच सुती साडी, पदर खोचून. तिला त्याचं काही वाटत नाही.

“धावून झालं की काय करायचं?” आण्णा विचारतात.

“खळगे बुजवायचे.”

“का?”

“मागनं येणाऱ्याचा पाय मुरगळू नये म्हणून.”

“शाब्बास. आता सांग, कुठं कुठं धावलीस?”

“तुम्ही होतात की बरोबर.”

“निम्म्याला होतो. निम्म्याला बंदोबस्त. गणपती न्हाईतर निवडणुका, तुमची स्पर्धा बरी त्याच दिवशी यायची.”

ती सांगायला लागते आणि एसटी सुरू होते. दोघं मागच्या सीटवर आहेत. मधल्या वाटेत चुन्याचे पट्टे मारलेत, थेट ड्रायव्हरपर्यंत. याच गाडीत त्यांनी तिला सुतळी दिली होती. पहिल्यांदा वसतिगृहात निघाली होती ती, मांडीवर चपाती आणि गुळाचा डबा. आण्णांनी खिशातून सुतळी काढली, तिच्या तळहातावर ठेवली, मूठ मिटली आणि एवढंच म्हणाले, “जप.” मग खिडकीतून उसाकडे बघत बसले. बोलण्याच्या बाबतीत आण्णा पहिल्यापासूनच हात आखडता घेणारे.

तिनं जपली. शाळेच्या स्पर्धा, विद्यापीठाच्या स्पर्धा, राज्यात तीन वर्षं पहिली. पेपरवाले लिहायचे, खराडे सुटते मागे आणि पोचते पुढे. पन्नास मीटरपर्यंत तिचं नाव कुणी घ्यायचं नाही, आणि शेवटच्या वीस मीटरला बघणारे उठून उभे राहायचे. शालन आत्या तर प्रत्येक वेळी डोळे गच्च मिटून बसायची आणि आरडाओरडा झाला की मग उघडायची.

“आठवतंय,” आण्णा म्हणतात. “शेवटाला तू अशी यायचीस की माझा अंगठा घड्याळावर थरथरायचा.”

समोर आईचं स्वयंपाकघर आहे. तांदळाच्या डब्यातून आई पदकं काढून पाटावर मांडतेय, भांडी घासल्यावर पालथी घालतात तशी. आण्णा एकेक उचलून उलटं करून बघतात आणि परत ठेवतात.

“बंगळूरचं न्हाई ह्यात.”

“बंगळूरला पदक नव्हतं, आण्णा. पाचवी आले मी.”

स्वयंपाकघराची मोरी ओलांडली की बंगळूरचं मैदान. राष्ट्रीय स्पर्धा, उज्ज्वला तेवीस वर्षांची. परदेशी जाणाऱ्या संघात पहिल्या चौघी घेणार आहेत. शिबिरातले सर तिला म्हणतात, खराडे, ब्लॉक पुढे घे, तू उगाच ताणून बसतेस. ती हो सर म्हणते, आणि त्यांची पाठ वळली की मोज्यातून सुतळी काढते. रेषेवर टोक धरते, गाठींपाशी ब्लॉक ठोकते. गुडघे दुखेपर्यंत ताणून बसते. गोळी सुटते, बाकीच्या सात जणी पुढे जातात, आणि ती एकेकीला मागे टाकत येते. तिघींना टाकते, चौथी तिच्या खांद्याला खांदा लावून रेषा ओलांडते. दोन शतांश सेकंदांचा फरक. संघ गेला, वय निघून गेलं, आणि कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाच्या बाई म्हणून तिनं शिट्टी गळ्यात अडकवली.

प्रेक्षक निघून गेलेत. मैदानावर दोघंच आहेत, आणि कुठूनतरी बासुंदीचा वास येतोय.

“तुम्हाला वाईट वाटलं होतं का?” उज्ज्वला विचारते. तेवीस वर्षं तिनं हा प्रश्न गिळला आहे. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली होती तेव्हाही तो ओठांवर आला होता आणि तिनं त्यांना मोसंबीचा रस दिला होता. “घरात सगळ्यात कमी मीच पडले ना?”

“कमी कशाची? मला वाटलं, पोरीचं सुटणंच तसं हाय. देवानं पाय दिलं, पण सुटणं दिलं न्हाई.”

“नाही, आण्णा. तुमच्या गाठीला माझा पाय पुरायचाच नाही. तुम्ही सहा फुटी माणूस. लई प्रयत्न केला, पण तुमच्या मापात मी कधी बसलेच नाही.”

आण्णा तिची मूठ उघडून सुतळी उजेडात धरतात.

“ह्या तर माझ्या गाठी.”

“तुमच्याच.”

“तू सोडल्याच न्हाईस?”

“तुमच्या हातची गाठ मी कशी सोडणार?”

“का? मी माझ्या बापाची सोडली की. सुतळी हातात आली त्याच दिशी, त्यांच्या म्होरं बसून. म्हातारा खूश झाला. पोरगं लांब टांगांचं निघालं म्हणून गावभर सांगत सुटला.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“त्यात बोलायचं काय? सोडायचीच नसती, तर काठीला खाच पाडली असती गं. सुतळीला गाठ कशाला मारली असती?”

उज्ज्वला मुरमावर खाली बसते. तिला रडू येतं आणि रागही येतो, स्वतःचा, त्यांचा, त्या एसटीतल्या एका शब्दाचा. अशी तोंड मिटून माया करणारी माणसं आपल्याच वाट्याला का यावीत, असं तिला वाटतं. आणि आपणही त्यांच्यातल्याच, हेही तिला कळतं.

“तुम्ही बघितलं नाहीत का कधी? मी कुठे पाय ठेवते ते?”

“मी शेवटाला असायचो, उजे. घड्याळ घिऊन.” त्यांचा आवाज खाली येतो. “शंभर मीटर लांब. तुझं तोंड दिसायचं, पाय दिसायचं न्हाईत. बाकीचे बाप सुटायच्या टोकाला पाणी घिऊन उभे असायचे. मला घड्याळाची हौस. एकदा तरी हिकडं येऊन बघाया पाहिजे होतं. चुकलं माझं.”

आयुष्यात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द तिनं कधी ऐकले नव्हते. ती पदरानं डोळे पुसते.

“सोड आता,” आण्णा म्हणतात.

“सुटत नाही. दगड झालाय त्याचा.”

“नखानं न्हाई. दातानं धर, आन् मागं ओढ.”

ती गाठ दातात धरते. जिभेला तेल लागतं, माती लागते. पहिली गाठ कुरकुरते, ढिली होते. दुसरी तिच्यामागून येते. उज्ज्वला वर बघते. शेवटची रेषा लांब उन्हात दिसते आहे, आणि तिथे कुणीच उभं नाही.

“तुम्ही जात नाही शेवटाला?”

“आज हितंच बसतो,” आण्णा तिच्या पायांशी उकिडवे बसत म्हणतात. “सूट तू.”

ती वाकते. पाय आपले आपण जागेवर बसतात, कुठे ओढ नाही, कुठे दुखणं नाही. सुटायच्या इशाऱ्याला फळीवर फळी आपटते.

आतल्या खोलीत ऋतुजाच्या हातातून बूट पडलाय.

“आत्या, साडेतीन वाजले गं!”

उज्ज्वला उठून बसते. पंखा चालूच आहे. ती मूठ उघडते. सुतळीला गाठी नाहीत. दिवाणावर नाहीत, चादरीत नाहीत, कुठेच नाहीत. गाठी होत्या तिथे सुतळी मुरडून राहिली आहे, आणि ती मुरड हुबेहूब त्या दोन जुन्या मुरडींसारखी आहे, ज्या उंदरांच्या म्हणून ती इतकी वर्षं बघत आली. चारही मुरडींवरून ती बोट फिरवते. दोन आजोबांच्या, दोन आण्णांच्या.

“दे की आता,” ऋतुजा दारात उभी राहून हात पुढे करते. मग तिचं तोंड उतरतं. “गाठी कुठं गेल्या?”

“अंगणात चल. खडू घे.”

“गाडी चुकेल, आत्या.”

“खराड्यांची गाडी चुकत नसते. चल.”

अंगणातल्या सिमेंटवर ऋतुजा रेघ मारते आणि रेघेमागे ओणवी होते. उज्ज्वला शेवटाकडे, फाटकाकडे जात नाही. ती गुडघे टेकून पोरीच्या पायांशी बसते.

“आण्णांचं माप किती होतं, तुझ्या ध्यानात असेल ना?” ऋतुजा विचारते.

“नाही. तुला कुठं बरं वाटतंय, तिथं ठेव पाय.”

ऋतुजा पाय पुढे घेते, जरा मागे नेते, परत पुढे घेते. बऱ्याच वेळानं एका जागी तिचा पाय थांबतो. उज्ज्वला सुतळी रेघेपासून तिथपर्यंत धरते आणि गाठ मारते. मग मागच्या पायाची मारते.

ऋतुजा उठून गाठ चाचपते. “आत्या, ढिली बसलीय ही.”

“ढिलीच असू दे,” उज्ज्वला म्हणते, आणि सुतळी तिच्या हातात ठेवते.