सिगडी टाका, सगळं खाईल

पेन्शनर माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि किस्से. पट्ट्या बायको टाकून देते, किस्से राहतात. माझ्याकडचे बरेचसे संगप्पाच्या टाकीतले आहेत.

संगप्पा माझा जुना मित्र, मादन हिप्परग्याचा शेतकरी, आता कर्नाटकातल्या आळंदला घर करून राहिलेला. त्याचे जावई मंगळूरला नोकरीला होते. दुबईला जाताना त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, दोन मासे आणि जिवंत प्रवाळासकट, सासऱ्याच्या हॉलमध्ये आणून ठेवली. आळंदला मीठ किराणा दुकानात मिळतं आणि समुद्र टीव्हीवर. पण जावयाची ठेव, नको कोण म्हणणार? संगप्पाच्या बायकोनं, महादेवी अक्कानं, एकच अट घातली. घर लिंगायताचं आहे. टाकीतला एक जरी जीव आपल्या हातून गेला, तर टाकी बाहेर.

* * *

एक दिवस प्रवाळाशेजारी तपकिरी फूल उगवलं. अक्कानं शेजारणींना बोलावून दाखवलं. बघता बघता ताटवा झाला आणि प्रवाळ मिटायला लागलं. जावयांनी फोटो बघून कळवलं की ते फूल नाही, प्राणी आहे, प्रवाळाला डंख मारणारी कीड आहे. आणि प्रवाळ दगड नाही, तोही प्राणीच.

अक्का काचेकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही कचेरीत हुता. ह्याच्यात दगुड कोणचा, तेवढं सांगा."

मी जन्मभर जातीचे दाखले लिहिले, पण हे वर्गीकरण मला जमलं नाही.

* * *

तुरीवरच्या अळीशी आयुष्य काढलेला संगप्पा निंबोळीचा अर्क ओतायलाच निघाला होता. जावयांनी फोनवर अडवलं. मग त्यानं कीड चाकूनं खरवडली. थोड्याच दिवसांत ती चौपट झाली. जावई म्हणाले, कापली की तिच्या प्रत्येक तुकड्याचा नवा प्राणी होतो.

आमच्या बैठकीतले तिसरे, पोस्टातून रिटायर झालेले रहीमसाब, यांना ते लगेच पटलं. म्हणाले, "पार्टी के सरीका है. फोडे तो दो होते."

* * *

शेवटी जावयांनी मंगळूरच्या एका दुकानदाराचा नंबर दिला. हा औषध देत नाही, नैसर्गिक उपाय देतो. तो त्याच्याकडच्या कन्नडात म्हणाला, "सिगडी हाकी." सिगडी टाका, सगळं खाईल, मी पाठवतो.

आम्ही कन्नड बोलतोच. पण आमच्याकडं सिगडी म्हणजे कोळशाची शेगडी. ती पाण्यात पेटायची कशी? चार पुस्तकं वाचलेला मी एकटाच. अग्नी सर्वभक्षक असतो आणि टाकणे म्हणजे खाली ठेवणे, असा खुलासा मी केला. पार्सल येईपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून अक्कानं माळ्यावरची शेगडी काढली, पेटवली आणि टाकीखाली सरकवली.

थोड्या वेळानं दोन्ही मासे वर आले आणि तोंड उघडून आमच्याकडं बघायला लागले. ते एवढंच बघत होते की आमच्यात शहाणा कोण. शेगडी काढून घेतली.

* * *

पार्सल आलं. थर्माकोलच्या खोक्यात पाण्याची पिशवी. रहीमसाब आत डोकावले आणि हळूच संगप्पाला म्हणाले, "अप्पा, ये तो झिंगा है."

किनाऱ्याकडच्या कन्नडात सिगडी म्हणजे झिंगा. आमच्याकडं समुद्रच नाही, तर त्याचा शब्द तरी कुठून येणार?

अक्का उंबऱ्यातच उभी राहिली. "हे घरात कामून?"

"अगं, ह्याला खायचं न्हाई. ह्यानं खायचंय," संगप्पा म्हणाला.

"काय खातंय ते?"

"कीड."

"म्हंजी जीवच की."

प्रवाळ रोज मिटत होतं. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि बाजूला सरकली. "ऱ्हाऊ द्या. पर सोमवारी न्हाई खायचं."

तेव्हापासून दर सोमवारी टाकीवर संगप्पाचं धोतर पडायला लागलं. दिसलं नाही की खाणार नाही, असा हिशोब.

* * *

झिंग्यानं काम चोख केलं. कीड ओसरली, प्रवाळ उमललं. जावयांनी मेसेज केला, "कात टाकली तर घाबरू नका, तशीच राहू द्या."

"कात कामून टाकायची पाण्यात?" संगप्पानं विचारलं. रहीमसाब पानाचे शौकीन. त्यांनी काताची पुडी खिशात तयार ठेवली. लागली तर असावी.

* * *

एका मंगळवारी सकाळी अक्कानं धोतर काढलं, तर झिंगा वाळूवर आडवा. मिशा, पाय, सगळं जागच्या जागी, हालचाल नाही. तिनं तो तळहातावर घेतला आणि रडायला लागली. "बघा की, आत काय ऱ्हाईलंच न्हाई. उपाशी मारलं मी त्याला."

कढीपत्त्याच्या झाडाखाली खड्डा केला, विभूती लावली, आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं पुरला आणि वर एक फूल ठेवलं. रहीमसाब खिसा चाचपत पुटपुटले, "कात डालते तो बचता था."

अट अक्काचीच होती आणि ती तिनं स्वतःलाही लावली. टाकी कलबुर्गीला कुणाला तरी देऊन टाकायची ठरली. जावयाला काय सांगायचं, या काळजीनं संगप्पा जेवेना. रोज खुर्ची घेऊन काचेसमोर बसायचा.

टेम्पो दारात लागला. ड्रायव्हरनं टाकीला हात घातला, तसा मागच्या दगडाखालून झिंगा बाहेर आला. मिशा हलवत, सावकाश, पहिल्यापेक्षा थोडा मोठा.

अक्का अंगणात गेली. मातीचा उंचवटा तसाच होता, वरचं फूलही. ती परत आली, डोक्यावर पदर घेतला आणि काचेसमोर हात जोडले.

मग ड्रायव्हरला म्हणाली, "जावा तुम्ही. सोमवार पाळलाय त्यानं."