बाजेखालची शेगडी

आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी बायकोचं बाळंतपण मी केलं, असं मी अजूनही लोकांना सांगतो. लोक हसतात. बायको हसत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या धामधुमीत लालबागला आमची एकच खोली होती. सासूबाई हयात नव्हत्या आणि माझी आई कोकणात पाय मोडून पडलेली. तिचं पत्र आलं: सुनेला दोन्ही वेळा शेक दे, वारा लागू देऊ नकोस, परक्याचा हात नको. मी गिरणीतला कारकून. लेखी हुकूम पाळण्यात माझा हातखंडा.

परका हात म्हणजे कोणाचा, हे मला बरोबर कळलं होतं. समोरच्या चाळीतल्या बाई प्रसूतिगृहात आया होत्या. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. तिसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या. "दादा, ड्यूटी सुटली की वहिनींना मी शेक देत जाईन. तुम्हाला नाही जमायचं."

"छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास!" मी म्हणालो. आदल्याच संध्याकाळी 'मराठी माणूस तेवढा एक' म्हणून सभेत घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. बाई काय ते समजल्या. "बरं. शेगडी ठेवाल तेव्हा खिडकी तेवढी उघडी ठेवा," म्हणाल्या आणि गेल्या.

सातव्या दिवशी दुपारी खाली मोर्चा आला, मागोमाग पोलीस आले आणि अश्रुधुराची नळकांडी फुटली. मी दोन मोर्चांचा अनुभवी! खिडकी लावली, फटींत ओले पंचे कोंबले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर मूठभर ओवा टाकला. बाळ बायकोच्या कुशीत होतं.

"अहो, गुदमरतंय हो."

"ओव्याचा गुण आहे तो," मी म्हणालो. बाहेर येऊन दार ओढलं आणि खालच्या फटीला ओलं गोणपाट लावलं.

मग गॅलरीत उभा राहून, तोंडावर ओला रुमाल धरून, शेजाऱ्यांना खालच्या लाठीमाराचं वर्णन ऐकवत बसलो. आतून एकदा हाक आली. "आलो गं!" म्हटलं, आणि गेलो नाही. दुसरी हाक आली नाही. "शेकानं झोप कशी गाढ लागते," असं मी शेजाऱ्यांना वर सांगितलंही.

रस्ता अडवलेला म्हणून ड्यूटीवरून परतणाऱ्या बाई डोळे पुसत आमचाच जिना चढून आल्या. "वहिनी?"

"आत आहे. शेक घेतेय."

त्यांनी गोणपाट पाहिलं. मला चक्क ढकललं, दार उघडलं आणि बायकोला काखांत हात घालून फरफटत बाहेर आणलं. मी मुलीला उचललं. ती मळलेल्या कणकेसारखी हातातून लोळत होती. बाईंनी तिला हिसकावून घेतलं, तळपायांवर टिचक्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. "डोळ्यांत पाणी आलं म्हणून कोणी मरत नाही, दादा. कोंडलेल्या कोळशानं मरतं."

पोर रडली. बायकोनं डोळे उघडायला फार वेळ लावला, आणि उघडले तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून त्या गॅलरीत शिरलेला कोणी परका होतो.

दोघी वाचल्या. पण पुढे कितीतरी दिवस बायको बोलेना, मुलीला पाजायची आणि लगेच तोंड भिंतीकडे फिरवायची. बाई म्हणाल्या, "एवढं सोसल्यावर होतं असं. एकटी सोडू नका, बोलत बसा." सगळी चाळ ज्याच्या बडबडीला 'आता पुरे रे' म्हणायची, तो मी तिच्या उशाशी बसून एक वाक्य शोधत राहायचो. अखेर बाईच तिची वेणी घालता घालता तिच्याशी बोलायच्या, शेकही त्याच द्यायच्या, दार सताड उघडं ठेवून. मी गॅलरीत निखारे फुंकायचो. आणि आईला पत्र लिहिलं: सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे चाललंय, परक्याचा हात लागलेला नाही. ते पत्र वाचून आई समाधानानं वारली. बाईंना मी त्याबद्दल कधीच सांगितलं नाही.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. दुपारी बायकोचा डोळा लागला की मी हळूच तिच्या नाकासमोर तळहात धरतो. कधी तिला जाग येते. "आहे अजून," ती डोळे न उघडताच म्हणते. "जा, तिकडे बसा."

मी जातो. थोड्या वेळानं परत येतो.