तुळशीरामजींची पहिली पंगत

कोपरा फाडलेलं कार्ड अकोल्याला माझ्या हाती पडलं तेव्हा मी कोर्टात निघालो होतो. तुळशीरामजी गेले, एवढंच त्यात होतं, खाली थोरल्या मुलाची सही. मी कार्ड कोटाच्या खिशात घातलं, कोर्टात गेलो आणि रोजच्यासारखा तीन मुकदम्यांत बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी रडलोबिडलो असेन असं कुणाला वाटायला नको. ज्याला रडायचा हक्क असतो तो माणूस मी नव्हे.

तेराव्याला अमरावतीला गेलो. दुपारी शोकसभा होती. एकामागून एक पुढारी उठले आणि प्रत्येकानं तीच गोष्ट सांगितली : भाजी विकणारा साधा माळी, पण विदेशी कापडाच्या होळीत आपल्या हातचं विलायती वर्तमानपत्र त्यानं आपण होऊन आगीत फेकलं! टाळ्या. शोकसभेत टाळ्या, बोला आता! मी मंचावर गादीला टेकून बसलो होतो आणि मान डोलावत होतो. ती गोष्ट साफ खोटी आहे हे त्या मंचावर मला एकट्यालाच माहीत होतं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी ती मीच रचली. नंतर पंगत बसली. पहिल्या पंगतीत आम्ही खादीवाले. तुळशीरामजींची मुलं वाढायला, आणि गयाबाई, त्यांची बायको, मागच्या दारी उष्ट्या पत्रावळींजवळ. मी जेवलो. वर दोनदा वरण मागून घेतलं. शी! स्वतःची इतकी किळस मला आजवर आली नव्हती, आणि यायला हवी होती कितीतरी आधी.

मी अमरावतीला शिकायला होतो तेव्हा त्यांच्या मळ्याला लागून खोली घेऊन राहत असे. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कॅम्पातल्या साहेबांच्या क्लबात त्यांची भाजी जायची आणि तिथला खानसामा त्यांना जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं द्यायचा, भाजी बांधायला. बाकीचे त्यात मिरच्या बांधत. तुळशीरामजी मिशनच्या शाळेत इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेले, ते आधी वाचत. एकदा एका पानावर त्यांना इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावाचं नाव दिसलं. त्यांचे वडील अकोल्याच्या प्रेसवर कापसाच्या गाड्या न्यायचे, आणि तिथं दाबलेल्या गाठींवर काळ्या शाईनं हेच नाव रंगवलेलं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्या गावाचा फुटबॉलचा संघ होता. झालं, तुळशीरामजींनी तो आपला करून टाकला. "त्या पोराईच्या अंगातले कुडते आपल्या कापसाचे असतीन वकीलसाहेब," ते मला म्हणाले, "मंग ते आपलेच झाले का नाई?" मी तेव्हा वकील नव्हतो, माझी जीभ पाहून ते मला थट्टेनं वकीलसाहेब म्हणत.

त्यांनी खेळ असा पाहिला होता एकदाच, कॅम्पाच्या मैदानावर, कुंपणाबाहेरून. पण कागदावरून सगळं समजून घेतलं आणि आपल्या भाषेत बसवलं. स्वतःच्या मैदानावरचा सामना म्हणजे माहेर, दुसऱ्याच्या गावचा म्हणजे सासर. गोल राखणारा तो जागल्या, आपल्याकडं शेत राखतो तसा. अडलेला शब्द मला विचारत. वीस संघ वरच्या वर्गात असतात आणि वर्षाच्या शेवटी तळातले दोन खाली घालवतात, हे मी त्यांना समजावलं तेव्हा ते चटकन म्हणाले, "म्हंजे पयली पंगत आन् दुसरी पंगत!" मी हसलो. ते हसले नाहीत, आणि का हसले नाहीत ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्याच्या आदल्या वर्षी अकोल्याला माझ्या चुलतभावाची मुंज होती. भाजीची गाडी घेऊन तुळशीरामजी आले होते. मीच आग्रह करून त्यांना माझ्याशेजारी बसवलं, पहिल्या पंगतीत. पानावर मीठ-लिंबू वाढून झालं, भात आला, आणि माझे काका येऊन उभे राहिले. "हे कोण? उठवा यांना. मागून बसतील." तुळशीरामजी उठले. मी? मी खाली मान घालून भात कालवला. परतताना गाडीत ते एवढंच बोलले, "भरल्या पानावरून उठवू नाई कोनाले." त्यानंतर या गोष्टीचा उच्चार नाही. म्हणूनच त्या हंगामात त्यांचा संघ तळाला गेला तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. ते अकरा गोरे पंगतीतून उठतात की राहतात याच्यात त्यांचा जीव अडकला होता आणि ते कोणासाठी चाललं होतं हे मला कळत होतं.

भाजीच्या कोठीच्या दारावर त्यांनी अडतीस चौकोन आखले होते, एकेका सामन्याचा एकेक. जिंकले तर चुन्याचं बोट, हरले तर कोळशाचं, बरोबरी झाली तर दोन्ही. कागद बोटीनं यायचा, मग क्लबात मेजावर पडून राहायचा. विलायतेतला शनिवार तुळशीरामजींच्या हाती यायला दीड महिना लागे. पण ते पान वाटेल तेव्हा उघडत नसत. खेळ शनिवारचा, तर निकालही शनिवारीच, मारुतीला तेल घालून झाल्यावर. कागद बुधवारी आला तर तीन दिवस तो घडी घातलेला तराजूखाली पडून. "अहो, ते केव्हाच खेळून झोपले तिकडं!" मी चिडवायचो. "ते झोपले असतीन. आमाले अजून खेळाचं हाय," ते म्हणायचे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दारावर नुसता कोळसा. जागल्याचा हात मोडला, नवा आला त्याच्या पायांतून चेंडू जायचे. मग होळीनंतर कसं कोण जाणे, चुना दिसायला लागला… एक, आणखी एक, मग सलग तीन. गयाबाई पानाच्या डब्यातला चुना लपवून ठेवायला लागल्या. शेवटी एकच चौकोन उरला. सामना सासरचा. जिंकले तर पानावर, नाहीतर उठा.

ते पान आलं जूनमध्ये, विदेशी कापडाच्या होळ्यांच्या दिवसांत. मला नुकतीच सनद मिळाली होती आणि पुढारी व्हायची घाई झाली होती. शुक्रवारी दुपारी बाजाराच्या चौकात, तुळशीरामजी भाजी घेऊन बसत तिथंच, आम्ही होळी पेटवली. लोक टोप्या, कोट, उपरणी आणून टाकत होते. कोणीतरी ओरडलं, "हा पाहा कॅम्पातल्या गोऱ्यांचा भाजीवाला! तराजूखाली विलायती कागद ठेवून बसला!" सगळे माझ्याकडं पाहायला लागले. तो कागद कोणता हे मला ठाऊक होतं. हा माझा मित्र आहे, एवढं म्हणालो असतो तरी पुरत होतं. मी तरातरा गेलो आणि तराजूखालून घडी ओढली. उघडली. नजर आपोआप त्या जागी गेली. आठ महिने मीही त्यांच्यासोबत ते सामने खेळत होतो ना. दोन-एक. जिंकले होते. टिकले होते पंगतीत! आणि मी तो कागद चुरगळून आगीत टाकला. तुळशीरामजी जागचे हलले नाहीत. फक्त म्हणाले, "वाचलं का तुमी?" मी लोकांकडं वळलो. लोक माझ्या नावानं ओरडत होते, ते मला गोड लागत होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते माझ्या खोलीवर आले. कपाळाला मारुतीचा शेंदूर. ओट्यावर माझ्यासोबत चार कार्यकर्ते बसले होते म्हणून वर न येता पायरीशीच उभे राहिले. "आज शनवार हाय वकीलसाहेब," ते म्हणाले, "सांगजा आता."

एक शब्द. जिंकले, एवढा एक शब्द द्यायचा होता. पण त्या चौघांसमोर, गोऱ्यांचा कागद मी जाळायच्या आधी चवीनं वाचला, हे कबूल कसं करायचं? "गोऱ्यांच्या कागदाला मी नजरही लावत नाही, तुळशीरामजी," मी म्हणालो. चौघांनी वाहवा केली. तुळशीरामजी "बरं," म्हणाले आणि पायरीवर भेंडीचा पुडा ठेवून गेले. पुडा पळसाच्या पानात बांधलेला होता.

हे कमी होतं म्हणून महिन्याभरानं दुसऱ्या गावच्या एका सभेत मी भाषण ठोकलं, की आमच्या तुळशीरामजींनी तो कागद स्वहस्ते अग्नीला दिला. टाळ्यांसाठी, दुसरं काय! ती बातमी कॅम्पात पोचली, क्लबाचं दार त्यांना बंद झालं, भाजी गेली आणि कागदही गेले. लोक त्यांचं कौतुक करायला जात, ते म्हणत, "तसं काई नाई बाप्पा." लोकांना तो विनय वाटे. पुढं मी अकोल्याला आलो, वकिली जमली. वर्षातून एकदोनदा त्यांच्याकडं जायचो, मळ्यात बसायचो, संत्री खायचो. प्रत्येक खेपेला शब्द ओठांशी येऊन परत जायचा. तो सांगायचा म्हणजे आधी मी खोटं बोललो हे सांगावं लागणार होतं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मुंजीच्या पंगतीत मी भात कालवत होतो, आणि पुढं पंचवीस वर्षं तेच करत राहिलो.

परवा पुन्हा अमरावतीला गेलो, कुणाला न कळवता. गयाबाई कोठीपुढं मिरच्या निवडत होत्या. दार तेच. दर दिवाळीला घराला सफेदी झाली, या दाराला कोणी हात लावायचा नाही अशी तुळशीरामजींची ताकीद होती म्हणे. सदतीस चौकोनांतली बोटं, कोळशाची फिकट झालेली, चुन्याची पिवळी पडलेली. अडतिसावा चौकोन कोरा. मी गयाबाईंना सगळं सांगितलं. एका दमात, ओकल्यासारखं.

त्यांनी मिरच्यांवरून मान वर केली नाही. "त्याईले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"का तुमी वाचलं म्हून. वाचतानी तुमचे ओठ हालतेत म्हनत. आन् वाचून झाल्यावर तुमी जराक हासले. म्हनत, गयाबाई, आपले टिकले!"

मला तर हसल्याचं आठवतही नाही… "मग दारावर बोट काहून नाही लावलं त्यांनी?"

"मी बी म्हनलं, लावा ना. तर म्हने, सांगन तो. त्यानं सांगतल्याबिगर कसं लावू?"

मग म्हणालो, "गयाबाई, चुना द्या." त्यांनी पानाचा डबा पुढं सरकवला. मी बोट बुडवलं आणि दारापाशी गेलो. हात वर केला, तोच मागून त्यांनी विचारलं, "आज कोन वार हाय?"

"बुधवार."

"मंग शनवारी येजा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मिरच्या निवडायला लागल्या.

मी धोतराला बोट पुसलं आणि स्टेशनकडं निघालो.